मधल्या खोलीचा कोबा

“झाडा रोज. पुसायचं मात्र न्हाई. मधल्या खोलीच्या कोब्याला पाणी लावायचं न्हाई, एवढं एकच सांगणं हाय आमचं,” दत्तराव म्हणाले आणि किल्ली दैवशालाच्या हातात न देता त्यांनी उंबऱ्यावर ठेवली.

तिनं ती वाकून उचलली. “का मालक? ओल धरतो का?”

“धरतो म्हणा. वडील सांगून गेलेत. जायच्या आधी वाचा बसली व्हती त्यांची, तरी हातानं खुणा करकरून सांगितलं. त्या खोलीला पाणी न्हाई.”

दैवशाला जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. पस्तिशीची, हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. गावातल्या कितीतरी गल्ल्यांतली पोरं तिच्या हातांत जन्मली होती, पण त्या गल्ल्यांत तिला खोली मिळत नव्हती. खोली बघायला गेलं की आधी गाव विचारलं जायचं, मग आडनाव, आणि आडनाव सांगितलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. नवरा वाल्मीक मूल होत नाही म्हणून नांदेडला दुसरं घर करून राहिला होता. आई सुलाबाई ताडकळसला, भावाजवळ. दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दैवशालानं उन्हाळे काढले होते, आणि अजून एक काढायची तिच्यात ताकद नव्हती. दत्तरावांचं घर मिळालं, कारण ते दुसरं कुणी घेत नव्हतं. भर दुपारी त्या घरात कुणीतरी लहान चालतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

“तुमी लोकं मानता का असलं काई?” जाता जाता दत्तरावांनी विचारलं.

“धम्म घेतला तव्हाच सोडलं ते.”

“बरं हाय मग,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं.

घर साधंच होतं. रस्त्याकडं ओटा आणि पुढची खोली, मग मधली मोठी खोली, तिच्या बाजूला लहानसं स्वयंपाकघर आणि मोरी. मधल्या खोलीचं मागचं दार थेट परसात उघडायचं. परसात एक आड होता, त्याच्यावर दगडी फरश्या टाकून तो कायमचा झाकलेला होता. मधल्या खोलीच्या भिंतीला लाकडी खोकी छताला लागतील अशी रचलेली होती आणि त्यांत बाटल्या होत्या. भुजंग नावाच्या एकानं इथं थंड पेयाची एजन्सी चालवली होती. ते काळं, गोड, नाकात झिणझिण्या आणणारं विलायती पेय. लग्नात पाहुण्यांच्या हातात ती बाटली दिली की यजमानाची मान ताठ व्हायची. मग सरकार बदललं, कंपनी देशातूनच निघून गेली, आणि भुजंग माल तिथंच टाकून औरंगाबादला गेला. “प्या, न्हाईतर फेका,” असं दत्तरावांनी सांगितलं होतं.

दैवशालानं एक बाटली उघडून पाहिली. खोकल्याच्या औषधात गूळ घातल्यासारखं लागलं. उरलेलं ती ओतून देणार होती, पण दवाखान्याच्या जीपवरचा ड्रायव्हर लिंबाजी म्हणाला, “फेकू नका सिस्टर. बॅटरीच्या टर्मिनलला पांढरं-हिरवं धरतं न्हव का, त्याच्यावर आमी हेच वततो. उकळल्यावानी होतं अन् लख्ख निघतं.”

त्या संध्याकाळी तिनं मोरीतल्या नळाला त्या पेयात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवलं. जिंतूरचं पाणी जड, नळावर चुन्याचे थर चढले होते. सकाळी फडकं सोडलं तर आतून पिवळंधमक पितळ निघालं. मग तिला नादच लागला. पत्र्याच्या ट्रंकेच्या गंजलेल्या कड्या, खाटेचे नट, करपलेल्या कढईचं बूड, मोरीच्या दगडावरचे पांढरे डाग, सगळ्यावर तिनं ते काळं पाणी ओतलं आणि काथ्यानं घासलं. नंतर मात्र भरपूर साध्या पाण्यानं धुवायला लागायचं. नाहीतर तासाभरात मुंग्या यायच्या.

शेजारच्या बायनाबाईनं भिंतीवरून चकचकीत तांब्या पाहिला. सत्तरीची विधवा बाई. दैवशाला राहायला आल्यापासून ती ओट्यावरून नुसती बघत असायची.

“काय लावायलीस गं भांड्याला?”

दैवशालानं बाटली दाखवली.

“झाकण बंद हाय ना?”

“बंदच हाय मावशी. कंपनीचं.”

“मग दे. बंद झाकणाचं चालतंय.”

दैवशालाला हसू आलं, पण तिनं बाटली भिंतीवर ठेवली. त्यानंतर गल्लीतल्या बायका भिंतीपाशी येऊ लागल्या. पाणी तिच्या हातचं कुणी घेतलं नसतं. बाटल्या मात्र एकेक करून गेल्या, आणि बाटल्यांबरोबर थोडं बोलणंही सुरू झालं.

वैशाख लागला. दुपारी घरात बसवत नसे. एका सुट्टीच्या दुपारी ती पुढच्या खोलीत लवंडली होती, तेवढ्यात मधल्या खोलीत फट्ट आवाज झाला आणि काच सांडली. उन्हानं तापून एक बाटली फुटली होती. काळं पाणी कोब्यावर दूरवर पसरलं होतं. पण तिचं लक्ष गेलं ते एकाच जागेकडं. बाकी सगळीकडं ते नुसतं पडून होतं. खोलीच्या मध्यावर मात्र वीतभर जागेत फसफसत होतं, बारीक सूं-सूं आवाज येत होता. कुणीतरी ओठ मिटून श्वास सोडावा तसा.

पाणी लावायचं नव्हतं. तिनं कोरड्या फडक्यानं टिपून घेतलं, काचा वेचल्या आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आली तेव्हा त्या जागी मुंग्या होत्या. साखरेला मुंग्या येणारच. पण त्या पसरलेल्या नव्हत्या. एक लांबट काळा डाग, आणि त्याच्या पुढच्या टोकाला पाच ठिपके. एक मोठा, चार लहान. ते लहान मुलाचं डावं पाऊल होतं.

ती तिथंच खाली बसली. फडक्यानं मुंग्या झटकल्या तर खाली पांढरा मऊ चुना लागला. नखानं उकरला तसा तो निघत गेला आणि कोब्यात खळगा उरला. त्यात टाच होती, चवडा होता, अंगठ्याचा गोल होता. कुणीतरी तो खळगा चुन्यानं भरून वरून सिमेंटचं पाणी फिरवून सपाट केला होता.

ओल्या सिमेंटवर पोर चाललं असेल, घरोघरी असतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग तिनं दुसरी बाटली उघडली आणि लहान पोराची ढांग पडेल एवढ्या अंतरावर थोडं ओतलं. काही झालं नाही. हात थोडा पुढं सरकवून पुन्हा ओतलं. सूं-सूं झालं.

त्यानंतर रोज ड्यूटीवरून आली की ती मधल्या खोलीत बसायची. ओतायचं, फसफस थांबेपर्यंत वाट पाहायची, काडीनं लगदा काढायचा, काथ्यानं घासायचं, कोरड्यानं टिपायचं. एकेक पाऊल वर येत होतं. आपण हे कशासाठी करतोय, हे तिला सांगता आलं नसतं. अर्धवट बाहेर आलेल्या लेकराला मध्येच सोडून उठता येत नाही, तसं काहीतरी झालं होतं.

“दुपारचं कोण असतं गं तुझ्या घरात?” बायनाबाईनं भिंतीपलीकडून विचारलं.

“मीच असते मावशी. घासायचं काम काढलंय.”

“तसं न्हाई. तू डूटीवर असतीस तव्हा.”

दैवशालाचा हात थांबला. “बाटल्या तडकत असतील उन्हानं.”

“असतील,” बायनाबाई म्हणाली, पण ती बराच वेळ भिंतीशी उभी राहिली.

पावलं पुढच्या दारातून आत आलेली होती. सुरुवातीला जवळजवळ, आरामशीर. भिंतीपाशी दोन्ही पाय एकत्र होते, टाचा खोल रुतलेल्या आणि उलट वळलेल्या. पोरानं तिथं थांबून मागं पाहिलं होतं, आपल्याच पायांचे ठसे कसे उमटलेत ते. तिथून पुढं सगळं बदललं होतं. एकदम लांब ढांगा. टाच नाहीच, नुसता चवडा आणि बोटं, खोल रोवलेली, मागं सिमेंट उकरलं गेलेलं. सरळ मागच्या दाराकडं. शेवटचं पाऊल उंबऱ्याच्या अलीकडं होतं. परतीचं एकही नव्हतं. मोठ्या माणसाचंही एकही नव्हतं.

दैवशालानं कितीतरी पोरांना पहिलं पाऊल टाकताना पाहिलं होतं. हे पोर कशाला तरी भिऊन पळालं होतं.

ज्या दिवशी शेवटचं पाऊल मोकळं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून मधल्या खोलीत आली आणि दारातच थांबली. सगळी पावलं मुंग्यांनी भरली होती. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत ती काळी पावलं गेली होती आणि ती हलत होती. कडा थरथरत होत्या, बोटं लहानमोठी होत होती. आत्ता, या क्षणी, कुणीतरी न दिसणारं तिच्यासमोरून पळत गेलं होतं आणि त्याचे पाय मागं राहून अजून पळत होते.

ती मागं न वळता ओट्यावर आली. ड्यूटीची वेळ होईपर्यंत तिथंच बसली. मनात तिनं त्रिसरण म्हटलं. भीती घालवायला ते म्हणायचं नसतं, हे ठाऊक असूनही म्हटलं.

त्या संध्याकाळी तिनं बायनाबाईला विचारलं, या घरात लहान कोण होतं म्हणून.

बायनाबाईनं आधी रस्त्याकडं पाहिलं. “कडूबाई. दत्तरावाची धाकटी भन. तीनचार वर्साची आसंल. पोलीस ॲक्शन होऊन गेलं अन् त्याच्या मागून ह्ये घर बांधलं म्हाताऱ्यानं, दत्तरावाच्या बापानं. आडाला कठडा न्हवता अजून. परसात खेळायली व्हती, पडली आडात.”

“घरात न्हवती आली?”

“म्हातारा म्हनायचा, घरात पाऊलच टाकलं न्हाई तिनं. दिसभर परसात व्हती. का गं?”

 दैवशालानं उठून दार पूर्ण उघडलं. बायनाबाई उंबऱ्याशी थबकली, मग पदर सावरत आत आली. या घरात दैवशालाकडं आलेली ती पहिलीच. मधल्या खोलीत पोचली आणि तिनं तोंडावर हात धरला.

“ही तर पळायली की गं माय,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दत्तराव आले. दारात उभे राहून त्यांनी पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

“पाणी लावू नका म्हटलं व्हतं.”

“पाणी न्हाई लावलं मालक.”

ते रागावले नाहीत. तेच तिला अवघड गेलं. “मी साळंत व्हतो त्या दिवशी,” ते म्हणाले. “आलो तर दारात माणसं. माझी आई त्यानंतर ह्या घरात न्हाई आली. जुन्या घरीच राह्यली. वडलांना ती एकच विचारायची अन् ते एकच सांगायचे. जल्मभर. आता ते न्हाईत. हे बुजवून टाका. रविवारी मी वरून शहाबादी बसवून घेतो.”

“आजींना कळलं तर?”

“कळायला नको म्हणून तर म्हणायलोय.” मग ते म्हणाले, “तुमाला जमत नसंल तर घर सोडा बाई. दुसरं काय म्हणू?”

शनिवारी संध्याकाळी दैवशालानं बाजारातून चुना आणला आणि भिजवला. पत्र्याची शेड तिच्या डोळ्यांसमोर होती, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. गल्लीत बोलणं झालं होतं. म्हातारी उद्या येऊन उभी राहिली तर तिनं काय बघायचं? म्हणून दैवशालानं पळणारी पावलं तेवढी भरली. भिंतीपर्यंतची, सावकाश चालणारी, मागं वळून बघणारी तशीच ठेवली. निदान आलीच तर तिला लेकरू खेळताना दिसेल. चुन्यानं तिची बोटं भाजली. हात धुऊन, तेल लावून ती झोपली.

रविवारी सकाळी चुना जागेवर नव्हता.

प्रत्येक पावलाच्या बाजूला पांढऱ्या भुकटीची लहानशी रास होती आणि पाऊल मोकळं होतं. चुन्याखाली मुरलेल्या साखरेसाठी मुंग्यांनी सगळं उपसून बाहेर टाकलं होतं. तिला ते समजलं. तरी तिनं एकेक पाऊल पुन्हा पाहिलं. एकही सुटलं नव्हतं. आता बोटं आधीपेक्षा स्वच्छ दिसत होती. मुंग्या मात्र बहुतेक निघून गेल्या होत्या.

ती हातात फडकं घेऊन उभी असतानाच ओट्यावर काठी वाजली.

“मी लक्ष्मीबाई. दत्ताची आय.”

बाई वाकलेली होती, नऊवारी धुवट, कपाळ मोकळं. तिनं चपला ओट्याखाली काढल्या आणि न विचारता आत आली. “बायनाबाईनं सांगितलं,” ती म्हणाली. “दाव.”

दाखवायची गरज नव्हती. समोरच होतं. लक्ष्मीबाई पहिल्या पावलाच्या बाजूनं चालू लागली, त्याच्यावर लुगडं घासू नये म्हणून निऱ्या वर धरून. भिंतीपाशी ती थांबली.

“हितं वळून बघितलं तिनं,” ती म्हणाली. “स्वताचेच पाय. लय नवल वाटायचं तिला. कशाचं बी.”

ती हसली. दैवशालाला वाटलं, इथंच थांबवावं. “आजी, तिकडं नका जाऊ. मुंग्या हायेत.”

“असू दे.”

पुढच्या पावलांपाशी ती हसली नाही. एकेका खळग्याशी उभी राहत ती मागच्या दाराशी पोचली. कडी गंजून बसली होती. दैवशालानं पुढं होऊन ती ओढली आणि दार उघडलं. परसात ऊन होतं. समोर आडावरच्या दगडी फरश्या, आणि त्यांच्या पलीकडं मोकळी जागा.

“तळव्याला सिमिट व्हतं तिच्या,” लक्ष्मीबाई म्हणाली.

“कव्हा?”

“बाहीर काढली तव्हा. मीच धुतले पाय. त्यांना इचारलं, ही घरात गेल्ती का? तुमी हाणायला धावले का? ते म्हनले, न्हाई. परसातच व्हती, डोकावली अन् गेली. मरेस्तवर दुसरं सांगितलं न्हाई.” ती जरा दम घ्यायला थांबली. “अन् मी त्या अंगाला व्हते. आडाच्या पल्याड. ह्याच कोब्यावर माराया पाणी शेंदून ठिवायले व्हते. पाठ व्हती माझी हिकडं. आवाज आला तव्हा वळले.”

तिनं काठी उचलली. शेवटच्या पावलापासून समोर, फरश्यांवरून, पलीकडच्या मोकळ्या जागेकडं तिनं ती सरळ धरली. रेघ कुठं वाकत नव्हती.

“खेळाया न्हाई गेली ती आडाकडं,” ती म्हणाली. “माझ्याकडं यायली व्हती.”

दैवशाला उघडं दार धरून उभी होती.  

“घाबरलं आसंल न्हाई लेकरू?” लक्ष्मीबाईनं तिच्याकडं बघत विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. “व्हय आजी,” दैवशाला म्हणाली. “लय घाबरलं व्हतं.”

लक्ष्मीबाईनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग ती काठी टेकवत टेकवत खाली बसली आणि शेवटच्या पावलाच्या बाजूला, उघड्या दाराकडं तोंड करून, कोब्यावर आडवी झाली. एक हात उशाला घेतला. दुसरा लांबवून पावलावर ठेवला.

“सतरंजी टाकू का?”

“नको. गार लागायलंय.”

थोड्या वेळात तिचा श्वास संथ झाला. दैवशाला पाय न वाजवता बाहेर आली, दार लोटून घेतलं आणि उंबऱ्यावर बसली.

ऊन डोक्यावर यायच्या सुमाराला बैलगाडी आली. गाडीत शहाबादी फरश्या, वर गवंडी. मागून दत्तराव चालत आले.

“सरका बाई. काम सुरू करायचंय.”

“आजी झोपल्यात.”

“कोण आजी?”

दैवशालानं दार बोटभर उघडलं. दत्तरावांनी वाकून आत पाहिलं. ते तसेच वाकून राहिले. गवंड्यानं विचारलं, माल कुठं उतरवू म्हणून. त्यांनी मागं न बघता हातानं थांब अशी खूण केली.

मग ते गाडीकडं गेले. बैलांनी माशा हाकलायला माना हलवल्या, तशा गळ्यातल्या घंटा वाजल्या. दत्तराव दोन्ही बैलांच्या मध्ये जाऊन उभे राहिले आणि त्यांनी एकेका हाताच्या मुठीत एकेक घंटा धरली. गवंडी बघत राहिला. दैवशालानं दार पुन्हा लोटून घेतलं. गल्लीत कुठंही आवाज नव्हता, आणि दत्तराव उन्हात तसेच उभे होते, घंटा घट्ट धरून.